खुराड्यातली मर : खानदेशातील परसकोंबड्यांचे आजारपण, शुश्रूषा आणि हानी

खानदेशच्या शेतीविषयी जे लिहिले जाते त्यात रावेर-यावलची केळी असते, तापी-गिरणेच्या काळ्या मातीतला कापूस असतो, रब्बीची दादर ज्वारी असते; परंतु धाब्याच्या घराच्या ओट्याखाली किंवा जिन्याच्या पोटात बांधलेल्या खुराड्याला त्या लेखनात क्वचितच जागा मिळते. येथे खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे अभिप्रेत आहेत. 1906 मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले व पुढे तेच जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले, तर नंदुरबार हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. या प्रदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतील पावरा, तडवी व भिल्ल वस्त्यांत आणि पश्चिमेकडील साक्री-नवापूर भागातील मावची व कोकणी पाड्यांत, दाराशी पाच-दहा कोंबड्या नाहीत असे घर सहसा आढळत नाही. विकतचे खाद्य जवळजवळ न घालता, अंगणात व उकिरड्यावर चरून पोट भरणाऱ्या अशा थोड्या पक्ष्यांच्या संगोपनाला पशुसंवर्धन शास्त्रात परसातील कुक्कुटपालन म्हणतात. ते मागे पडत चालले आहे असा समज असला तरी 2019 च्या विसाव्या पशुगणनेने वेगळे चित्र दाखवले: देशातील 85.18 कोटी कोंबडीवर्गीय पक्ष्यांपैकी सुमारे 31.7 कोटी परसातील होते आणि 2012 च्या तुलनेत त्यांची संख्या 45.8 टक्क्यांनी वाढली होती.

इतक्या मोठ्या संख्येने घरोघर असलेला हा प्राणी आजारी पडला तर त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र शेतीच्या, वैद्यकाच्या आणि समाजाभ्यासाच्या सीमारेषांवर अडकून राहिला आहे. बैल आजारी पडला तर दवाखान्याचे डॉक्टर गोठ्यापर्यंत येतात, गाय गेली तर शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. कोंबडी मेली तर ती उकिरड्यावर टाकली जाते आणि त्या घरातील बाईला, जी बहुतेक वेळा त्या कोंबड्यांची खरी मालकीण असते, कोणी काही विचारत नाही. कोंबडीची किंमत काहीशे रुपये आणि डॉक्टरांना बोलावण्याचा खर्च त्याहून अधिक, या साध्या हिशेबामुळे तिचे आजारपण उपचारांच्या कक्षेबाहेर गेले, आणि त्याच हिशेबामुळे तिच्या जाण्याचे दुःखही व्यक्त करण्याजोगे राहिले नाही. हा हिशेब अपुरा आहे. परसातील एका आजारी कोंबडीची नीट घेतलेली काळजी हीच सबंध कळपाची, आणि पुष्कळदा सबंध गावाची, पहिली संरक्षक फळी असते, हे खानदेशाच्या गेल्या दोन दशकांच्या अनुभवातून स्पष्ट दिसते.

कोंबडीचे आजारपण ओळखणे अवघड असते, कारण ती ते लपवते. शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असलेल्या सर्वच पक्ष्यांत हा स्वभाव आढळतो. दुबळेपणा दिसला की घार किंवा मुंगूस नेमके त्यालाच हेरते आणि कळपातील इतर कोंबड्याही त्याला टोचू लागतात, म्हणून अंगातील शेवटची शक्ती असेपर्यंत कोंबडी चरत असल्याचे सोंग टिकवते. पिसे फुगवून, मान आत ओढून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी राहिलेली दिसते तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. म्हणूनच जाणत्या पाळणाऱ्या बायका दिवसा पाहण्यापेक्षा संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना त्यांना न्याहाळतात: कोण मागे राहिली, कोणाचा तुरा फिकट किंवा काळसर निळा पडला, कोणाच्या शेपटाखालची पिसे घाणीने चिकटली आहेत. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवले असता ते धारदार लागले तर पक्षी वाळत चालला आहे असे समजावे. मानेच्या बुडाशी उजवीकडे असलेली अन्नपिशवी, जिच्यात टिपलेले दाणे प्रथम साठतात, ती संध्याकाळी भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. पहाटेही ती फुगलेली, मऊ आणि आंबूस वासाची असली तर अन्न पुढे सरकत नाही, आणि कडक गोळ्यासारखी लागली तर लांब गवत, दोरा किंवा पिशवीचा तुकडा तिच्यात अडकला असण्याचा संभव असतो. विष्ठेवरचा पांढरा थर हा रोगाचा नव्हे, तर पक्ष्यांच्या लघवीतील घन अंश असतो; मात्र विष्ठा पाण्यासारखी हिरवट-पांढरी झाली किंवा तिच्यात रक्त उतरले तर विलंब करू नये. पिल्लांतील रक्ताळ विष्ठा बहुधा रक्ती हगवणीची, म्हणजे आतड्यांत वाढणाऱ्या कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवींमुळे होणाऱ्या रोगाची असते. ओल्या बिछान्यावर तिचा फैलाव झपाट्याने होतो आणि वेळीच औषध मिळाले तर ती बरी होते.

आजारी कोंबडीला सर्वांत आधी वेगळे ठेवावे लागते. त्यासाठी खानदेशातील घरांत काही नवे आणावे लागत नाही. पिल्लांवर उपडे घालण्याचे बांबूचे डालगे कळपापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवले की काम भागते. मात्र हे वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. डालग्याखालच्या कोंबडीचे पाण्याचे भांडे, दाणे आणि बिछान्याचे तूस वेगळे असावे, तिच्याकडे सगळ्यांत शेवटी जावे आणि तेथून निघताना हातपाय धुवावेत, एवढे पथ्य पाळले तर तिला इतरांच्या टोचण्यापासून विसावा मिळतो आणि इतरांना तिच्या संसर्गापासून संरक्षण मिळते. औषधापेक्षा पाणी अधिक निकडीचे असते, कारण आजारी पक्षी भुकेआधी तहानेने खंगतो. चिमूटभर मीठ व थोडी साखर किंवा गूळ घातलेले कोमट पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब लावावे आणि पक्ष्याने ते स्वतः गिळावे; चोच उघडून आत ओतले तर जिभेच्या बुडाशी असलेल्या श्वासनलिकेच्या तोंडातून ते फुप्फुसात जाते आणि सेवा करणाऱ्याच्याच हातून पक्षी दगावतो. थंडीत उबेची गरज असते, उन्हाळ्यात सावलीची. अंडे अडल्यामुळे ताठ उभी राहून वारंवार कण्हणाऱ्या तलंगेला, म्हणजे प्रथमच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीला, पोटापर्यंत कोमट पाण्यात काही वेळ बसवून नंतर अंधाऱ्या शांत जागी ठेवले तर पुष्कळदा अंडे सुटते. ते दाबून काढण्याचा प्रयत्न केल्यास आत फुटते आणि मग वाचण्याची आशा थोडीच उरते.

या सामान्य शुश्रूषेत खानदेशच्या हवेने व पिकांनी काही खास भर घातली आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि कोंबडीच्या शरीराचे स्वाभाविक तापमानच 41 अंशांच्या आसपास असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढेच उपाय तिच्यापाशी असतात. सतत धापा टाकल्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्ताचे आम्ल-अल्क संतुलन बिघडते, आणि त्यामुळे उन्हाळ्यात अंड्यांची टरफले पातळ होतात. धाब्याचे मातीचे छप्पर ही उष्णता बऱ्याच अंशी अडवत असे. त्याच्या जागी पत्रे आले तेव्हापासून दुपारच्या खुराड्यात कोंबड्या होरपळतात, आणि सशक्त पक्षी एका दुपारी मरून पडला की घरचे लोक रोगाची शंका घेतात. पत्र्याला चुना मारणे, खुराड्यावर ओले गोणपाट टाकणे, दाणे पहाटे व सांजवेळीच घालणे, मातीच्या पसरट भांड्यांत सावलीत पाणी ठेवणे, आणि धापा टाकणाऱ्या पक्ष्याचे पाय व तुरा पाण्याने ओले करणे, हे उपाय जवळजवळ फुकट आहेत व त्यांनी जीव वाचतात.

जुन्या मातीच्या भिंती मात्र दुसऱ्या बाजूने घात करतात. त्यांच्या भेगांत दिवसभर दडून राहणारी आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिणारी कोंबड्यांची गोचीड उष्ण व कोरड्या मुलखात चांगलीच फोफावते. ती अन्नाविना वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते, आणि तिच्या चाव्यातून स्पायरोकीट या मळसूत्री आकाराच्या जंतूचा ताप कोंबड्यांना होतो. दिवसा पक्षी तपासला तर अंगावर प्रौढ गोचीड आढळत नाही, आणि कोंबड्या फिकट पडून हिरवट हगवणीने एकामागून एक का जात आहेत हे कोणाला कळत नाही. रात्री दिवा घेऊन भिंतीच्या भेगा पाहिल्या तर उलगडा होतो. त्यावर भेगा लिंपणे, चुना लावणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध फवारणे हा उपाय असून, तो ताप प्रतिजैविकांनी, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधांनी, बराही होतो. कापसाच्या प्रदेशात सरकीची पेंड गुरांपुढून सांडलेली असते. तिच्यातील गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि फार खाल्ल्यास पक्ष्याची वाढ खुंटते. पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका अधिक घातक असतो, कारण बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीच्या यकृतावर आघात करते. माणसांनी खाण्याजोगा राहिला नाही म्हणून कोंबड्यांपुढे टाकला जाणारा दाणा कोंबड्यांनाही चालत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच पक्षी वाचतील. बियाण्याला लावलेले औषध आणि उंदरांसाठी मिसळलेले झिंक फॉस्फाइड यांनी होणारे मृत्यू पेरणीच्या दिवसांत नेहमीचेच आहेत.

तथापि, खानदेशातील खुराडी एका आठवड्यात रिकामी करणारा रोग म्हणजे राणीखेत होय. महाराष्ट्रात त्याला मानमोडी असेही म्हणतात. या विषाणुजन्य रोगाची पहिली स्पष्ट नोंद 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाली, आणि लगेचच्या एक-दोन वर्षांत कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत या ठाण्यावर तो ओळखला गेला, म्हणून जगभर न्यूकॅसल व भारतात राणीखेत ही नावे रूढ झाली. लस न दिलेल्या कळपात प्रथम एक-दोन पक्षी सुस्तावतात, हिरवट-पांढरी हगवण लागते, चोच उघडून घरघरत श्वास घेतला जातो, पंख व पाय लुळे पडतात आणि काही पक्ष्यांची मान पाठीकडे किंवा बाजूला पिळली जाते. त्यानंतर मृत्यूंची रांग लागते आणि शंभरातले नव्वद पक्षी जाणेही अशक्य नसते. या रोगावर औषध नाही. हळद, लसूण, कांदा किंवा दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची गोळी विषाणूला मारू शकत नाही. उलट अर्धवट मात्रेत दिलेली प्रतिजैविके जंतूंना त्या औषधाची सवय लावतात आणि औषधाचा अंश अंड्यांतून घरातील मुलांच्या पोटात जातो. कोलिस्टिन या माणसांसाठी शेवटचा आधार ठरलेल्या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंद केला तो याच धोक्यामुळे.

औषध नसलेल्या या रोगावर लस मात्र उत्तम आहे आणि ती नवी नाही. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ-वन या सौम्य विषाणूंच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी या अधिक जोमदार लसीचे इंजेक्शन द्यायचे, असा नेहमीचा क्रम आहे. आर-टू-बी लहान पिल्लाला दिली तर तीच लस त्याला लुळे करू शकते, म्हणून क्रम चुकवून चालत नाही. राज्याची पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्था पुण्यात औंध येथे आहे आणि पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने बहुतेक मोठ्या गावांत आहेत. असे असूनही परसातील कोंबडीला लस मिळत नाही, याची कारणे कुपीच्या आकारात आणि बर्फाच्या पेटीत शोधावी लागतात. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी बनवलेली असते, ती एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, आणि एका घरी पक्षी असतात आठ. तोपर्यंत ती 2 ते 8 अंश तापमानात राहायला हवी, आणि सातपुड्याच्या पाड्यापर्यंत मोटारसायकलवरून जाणारी वाट एप्रिलच्या उन्हात तापलेली असते. विषाणू मेलेली लस दिली गेली तरी वरून काही समजत नाही, आणि महिन्याभराने मर आली की लसीवरचाच विश्वास उडतो. शिवाय दवाखान्याच्या वेळेत कोंबड्या रानात असतात. त्या हाती लागतात त्या पहाटे किंवा रात्री खुराड्यात.

ही अडचण सुटण्यासारखी आहे आणि तिच्यावर जगात इतरत्र काम झालेले आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात विकसित झालेली आय-टू ही उष्णता काही काळ सोसणारी लस मोझांबिक, टांझानिया अशा देशांत खेड्यातील प्रशिक्षित व्यक्तींनी डोळ्यात थेंब घालून, दर चार महिन्यांनी, दिल्याने परसातील मर पुष्कळ कमी झाली. आपल्याकडेही ‘उमेद’ या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात पशुसखी म्हणून तयार केलेल्या स्त्रिया गावोगाव आहेत. गावाने वर्षातून तीन दिवस ठरवावेत, आदल्या संध्याकाळी कोंबड्या कोंडून ठेवाव्यात आणि पहाटे पशुसखीने एकच कुपी घेऊन दहा-बारा घरे संपवावीत, इतक्या साध्या नियोजनाने कुपीचा आकार अडसर राहत नाही. वैद्यकीय ज्ञान तयार असताना केवळ वेळापत्रक जुळत नाही म्हणून दरवर्षी खुराडी रिकामी व्हावीत, ही परसातील कोंबडीच्या संदर्भात सर्वांत खेदाची गोष्ट होय.

मर लागली की घर एका कठीण पेचात सापडते. पक्षी आज बाजारात नेला तर चार पैसे येतील, आज कापला तर निदान जेवण होईल, उद्यापर्यंत थांबले तर दोन्ही जाईल. गरीब घराने यातून जे निवडले त्याला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. परंतु आठवडे बाजारात पाय बांधून नेलेली ती कोंबडी संध्याकाळपर्यंत पाच गावांच्या कोंबड्यांशेजारी पडून राहते आणि त्यांपैकी काही पुन्हा पाळण्यासाठी विकत घेतल्या जातात. कापलेल्या पक्ष्याची पिसे व आतडी उकिरड्यावर गेली की शेजारच्या कोंबड्या तीच चिवडतात. बाजारातून आणलेला पक्षी दोन ते चार आठवडे वेगळा ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. आणि पक्षी अचानक, एकापेक्षा जास्त संख्येने, तुरा व चोचीखालचे गलोल निळे पडून मरत असतील तर कापण्याचा विचारही करू नये, कारण राणीखेत आणि बर्ड फ्लू यांच्यातील फरक केवळ लक्षणांवरून कोणालाही, अनुभवी पशुवैद्यकालाही, खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

हे खानदेशाने देशात सर्वांत आधी अनुभवले. 18 फेब्रुवारी 2006 रोजी नवापूर येथील कोंबड्यांत एच-फाइव्ह-एन-वन या विषाणूचा, म्हणजेच बर्ड फ्लूचा, संसर्ग असल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिली नोंद होती व निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत झाले होते. नवापुरात मोठ्या व्यापारी शेडमधील लाखो पक्षी होते आणि वृत्तपत्रांतील छायाचित्रे त्यांचीच होती. परंतु मार्चच्या मध्यास संसर्ग जळगाव जिल्ह्यातील मारूळ, हातेड यांसारख्या गावांत सापडला तेव्हा प्रश्नाचे स्वरूप बदलले, कारण तेथे शेड नव्हत्या, घरोघरची खुराडी होती. सीमेपलीकडे गुजरातमधील उच्छल आणि मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातही तो आढळला. या सर्व मोहिमेत सुमारे दहा लाख पक्षी नष्ट करण्यात आले, माणसांत एकही बाधित आढळला नाही, आणि ऑगस्ट 2006 मध्ये देशाने स्वतःला रोगमुक्त घोषित केले. फेब्रुवारी 2021 मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

संसर्गस्थानाभोवती ठरावीक त्रिज्येतील सर्व पक्षी, निरोगी असले तरी, मारून पुरण्याच्या या कारवाईला शास्त्रीय आधार आहे, कारण लागण झालेला पक्षी लक्षणे दिसण्याआधीच विषाणू पसरवू लागतो. तिची गरज नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु शेडमध्ये एकाच वयाचे हजारो पक्षी असतात व त्यांची नोंद वहीत असते. घरात पांढरे अंगरखे आणि मुखपट्ट्या घातलेले लोक येतात तेव्हा ते आईच्या पंखाखालची पिल्ले, खुडूक बसलेली कोंबडी आणि नवसासाठी राखलेला कोंबडा मागत असतात. पश्चिम बंगालमध्ये 2008 साली अशाच मोहिमेत लोकांनी कोंबड्या लपवल्या, रातोरात नातेवाइकांकडे पोहोचवल्या आणि रोग अधिक पसरला. त्याला केवळ अज्ञान म्हणणे अपुरे आहे. भरपाई पक्ष्याच्या प्रकारानुसार व वयानुसार ठरते आणि ती मोहिमेत मारलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, आधीच रोगाने मेलेल्यांसाठी नाही. याचा अर्थ, ज्या बाईने पहिली कोंबडी सुस्तावली त्याच दिवशी खबर दिली तिचे नुकसान काही अंशी भरून निघते. जिने चार दिवस डालग्याखाली पाणी पाजत वाट पाहिली तिच्या हाती काहीच लागत नाही. ही तरतूद लवकर खबर मिळावी म्हणून आहे आणि ती योग्यच आहे, परंतु ती गावात आधीच, शांतपणे, मर नसताना सांगितलेली असायला हवी. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते पार पाडण्यासाठी 1962 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना पुरेसा आहे.

पैशाने भरून न निघणारे जे उरते त्याची दखल अभ्यासकांनी उशिरा घेतली. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये मांडलेली एक संकल्पना येथे उपयोगी पडते: ज्या हानीबद्दल शोक करण्याचा अधिकारच समाज मान्य करत नाही, त्या शोकाला त्यांनी वेगळे नाव दिले, आणि मराठीत त्याला अमान्य शोक म्हणता येईल. तो व्यक्त करायला विधी नसतो, रजा नसते, समाचाराला येणारे कोणी नसते, आणि म्हणूनच तो लांबतो. ब्रिटनमध्ये 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यानंतर कंब्रिया परगण्यातील लोकांच्या रोजनिश्यांवर लँकेस्टर विद्यापीठाने जो अभ्यास केला त्यात अस्वस्थ झोप, पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणारी दृश्ये आणि अधिकाऱ्यांवरचा उडालेला विश्वास दीर्घकाळ आढळला. यांतील पुष्कळ जनावरे कत्तलीसाठीच पाळलेली होती, तरीही. पाळलेला प्राणी खाणे आणि त्याच्या अकाली मृत्यूने हळहळणे यांत विसंगती आहे असे फक्त दुरून पाहणाऱ्यालाच वाटते.

आणि परसातील कोंबडी अनोळखी नसते. देशी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशीच अंडी देते, परंतु ती बारा-पंधरा अंड्यांवर एकवीस दिवस बसते आणि पिल्लांना घारीपासून राखते. अशा कोंबडीची आई आणि आजीही त्याच घरात वाढलेली असते. बाजारातून तितक्याच पैशांत आणलेली दुसरी कोंबडी त्या अंगणाच्या धोक्यांना सरावलेली नसते. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की पिल्लांना थोडा त्रास दिला जात असल्याचे पाहताच कोंबडीच्या हृदयाची गती वाढते, डोळ्यांचे तापमान बदलते आणि ती पिल्लांना साद घालू लागते. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये कोंबड्यांतील टोचण्याचा क्रम, म्हणजे कोण कोणाला टोचू शकते याची ठरलेली उतरंड, प्रथम वर्णिली. वरच्या क्रमाची कोंबडी गेली की ती उतरंड पुन्हा लागेपर्यंत कळपात भांडणे व अस्वस्थता राहते. माणसांना जाणवणारी पोकळी कळपालाही जाणवते असे ठामपणे म्हणण्याइतके शास्त्र पुढे गेलेले नाही, परंतु कळप त्या दिवसांत पूर्वीसारखा वागत नाही हे पाळणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. अशा वेळी उरलेल्या पक्ष्यांना पुरेशी जागा, दोन ठिकाणी दाणे आणि दोन ठिकाणी पाणी देणे हीच त्यांची शुश्रूषा.

शेवटचा निर्णय सर्वांत जड असतो. राणीखेतातून वाचलेली, मान पिळलेली कोंबडी खोलगट भांड्यात हाताने धरून दाणे दिले तर कित्येकदा सावरते आणि पुढे अंडीही देते, मात्र काही आठवडे तिच्या विष्ठेतून विषाणू पडत राहतो, म्हणून तोवर डालगे उचलू नये. त्याउलट पाणीही न गिळणारी, उठू न शकणारी, श्वासासाठी तडफडणारी कोंबडी ‘आपोआप जाईल’ म्हणून दोन दिवस तशीच ठेवणे ही दया नाही. जाणत्या हाताने एका झटक्यात मान निखळवून वेदना संपवणे हे शुश्रूषेतच मोडते, आणि ते काम घरातील मुलांसमोर करू नये, पण त्यांच्यापासून लपवून खोटेही सांगू नये. मेलेला पक्षी विहीर व नाल्यापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरावा. मृत्यूचे कारण कळत नसेल आणि आणखी पक्षी आजारी असतील तर एक मृतदेह पिशवीत बंद करून, बर्फावर, त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवावा. तेथून नमुना औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतो. कापून पाहण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

रिकाम्या खुराड्यात लगेच नवे पक्षी आणण्याची घाई समजण्यासारखी असली तरी ती महाग पडते. जुने तूस जाळणे, जमिनीचा वरचा थर खरवडून काढणे, भेगा लिंपून चुना मारणे आणि काही आठवडे खुराड्यात ऊन खेळू देणे, एवढे झाल्याशिवाय नवी पिल्ले आणू नयेत. बर्ड फ्लूच्या क्षेत्रात तर पशुसंवर्धन विभागाकडून निर्जंतुकीकरणाचा दाखला मिळेपर्यंत थांबणे बंधनकारक असते. नव्या पक्ष्यांची निवड करताना वनराजा, गिरिराज यांसारखे अधिक अंडी देणारे सुधारित पक्षी आकर्षक वाटतात, पण त्यांतील बहुतेक खुडूक बसत नाहीत आणि वजनामुळे घारीपासून पळण्यात मागे पडतात. ज्या घरात राखणीला माणूस नाही तेथे शेजारणीकडून आणलेली देशी अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली घालणेच बरे. शेजारणीकडे मर पोहोचली नव्हती याची खात्री तेवढी आधी करून घ्यावी, आणि पिल्ले निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत पशुसखीला निरोप जायला हवा.